शिलों पाहिला, औसा राहिला

परदेशगमन हा एके काळीं आपल्या समाजांत प्रायश्चित्ताचा विषय होता. आज तो मे महिन्याच्या सुट्टीचा विषय झाला आहे. ह्या पालटाबद्दल कोणी हळहळावें असें मला मुळींच वाटत नाहीं. वरसईचे गोडसे भटजी द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. पंडिता रमाबाईंनीं अमेरिका पाहून १८८९ सालीं तेथील लोकस्थितीवर ग्रंथ लिहिला. एक स्वदेशींच हिंडले, एक परदेशीं; दोघांनींही डोळे उघडे ठेवले. म्हणून प्रवास येथला श्रेष्ठ कीं तेथला, ह्या वादांत मला रस नाहीं. माझी तक्रार इतकीच कीं, परदेशीं आपण जसें पाहतों तसें घराजवळ पाहत नाहीं.

आमच्याच कुटुंबांतील मंडळी गतवर्षीं पंधरा दिवसांत पांच देश पाहून आली. जिनीव्हा सरोवराच्या कांठचा शिलोंचा किल्ला त्यांना विशेष आवडला. १५३० पासून १५३६ पर्यंत तेथें बोनिव्हार नांवाचा गृहस्थ बंदींत होता, त्यावर बायरन कवीनें १८१६ सालीं काव्य रचिलें, तळघरांतील एका खांबावर बायरनचें नांव कोरलेलें आहे, हें सर्व धाकट्या नातीनें मला न अडखळतां सांगितलें. मला आनंदच झाला. मग मीं विचारिलें, "आणि आपला औशाचा किल्ला?" ती म्हणाली, "आजोबा, तिथं काय आहे पाहण्यासारखं?" लातुराहून औसा अवघा वीस किलोमीटर!

दोष मुलीचा नव्हे. शिलोंस तिकिटाबरोबरच माहिती हातीं पडते. औशास जाणारानें ती शिदोरी घरूनच बांधून न्यावी लागते. तर ती थोडी येथें बांधून देतों.

राजगड-सिंहगड पाहिलेल्या पाहुण्यास हा किल्ला प्रथमदर्शनीं किल्लाच वाटत नाहीं. तो उंचावर नसून खोलगट जागीं आहे, आणि हीच त्याची युक्ति. दुरून येणाऱ्या सैन्यास तो दिसत नाहीं. उलट त्याच्या उंच बुरुजावरून चोहोंकडची वाट कोसकोस दिसते. भोंवतीं खंदक, आंत दुहेरी तट. बहमनींनंतर तो निजामशाहींत होता. १६३६ सालीं उदगिराबरोबरच शहाजहानच्या सैन्यानें घेतला. पुढें हा मुलूख निजामाकडे गेला तो १९४८ पर्यंत. 'उदगीरची लढाई' म्हणून आपण मुलांकडून जी घोकून घेतों, तिची निकराची गांठ ३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाजवळच पडली. निजाम उदगिराहून इकडे सरकत होता, आणि सदाशिवरावभाऊंनीं त्यास वाटेंतच गांठलें. साठ लक्षांचा मुलूख व दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. पानिपतास तेव्हां पुरतें वर्षहि उरलें नव्हतें. भाऊसाहेबांचें नांव काढतांच आपले डोळे पानिपताकडे वळतात, त्यांच्या विजयाची जागा मात्र आपण मोटारींतून ओलांडून जातों!

निलंग्याच्या वाटेवरील खरोशाचीं लेणींहि ह्याच तालुक्यांत आहेत. वेरूळ मनांत ठेवून जाणारा निराश होईल. न ठेवतां जाणारा होणार नाहीं.

हीच मंडळी पाँपेईहि पाहून आली होती. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गाडलेलें तें नगर, आणि देहांच्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून घडविलेल्या त्या आकृति पाहून सुनेच्या डोळ्यांत पाणी आलें, असें तिनें सांगितलें. ऐकून मला किल्लारी आठवली. तीहि औसा तालुक्यांतीलच. ३० सप्टेंबर १९९३, पहांटे तीन वाजून छपन्न मिनिटें. आदल्या रात्रीं गणपति विसर्जन करून गांव निजलें होतें. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड दगडमातीच्या, वर लांकडी तुळया आणि त्यांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारी तीच माती त्या पहांटे निजलेल्यांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, ह्या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. मागाहून गांवें नव्या जागीं वसविलीं.

अशा ठिकाणीं सुट्टींत जावें काय? पाँपेईस दोन सहस्र वर्षांचें अंतर आहे. तेथें अश्रु आले तरी कोणाचें दुखत नाहीं. किल्लारींत ज्यांचें गेलें तीं माणसें आज डोळ्यांपुढें आहेत. तरीहि जावें, असें माझें मत आहे. परंतु प्रेक्षक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून.

पावसाळा सरल्यावर निघावें. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किल्ला पाहावा, खंदकाच्या कडेस मुलें संभाळावीं, दुपारीं खरोसें करावें. किल्लारीस निराळा दिवस राखावा, छायाचित्राचें यंत्र पिशवींतच असूं द्यावें, आणि कोणी वृद्धानें चहास थांबविलें तर घड्याळ न पाहतां बसावें.