बार उडाल्यानंतरचा खडक

१९७२ च्या दुष्काळात आमच्या मळ्यातली विहीर आटली. दादांनी ती आणखी खोल घ्यायचे ठरवले. पन्नास फुटांखाली काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडे, पण कपची काही निघेना. सुरुंगावाचून इलाज नव्हता.

सुरुंग लावणारे मिस्त्री म्हातारे होते, उजव्या हाताला चारच बोटे. दिवसभर घणाने भोके पाडायची, दिवेलागणीला दारू ठासून वाती पेटवायच्या. आम्ही वर बसून आवाज मोजायचो. पाच भोकांचे पाच बार झाले, की मला खाली जायची घाई. मिस्त्री म्हणायचे, "थांब लेकरा, खडक अजून बसायचाय." रात्र गेली की सकाळी पहिले तेच उतरत आणि पहारेने कडा ठोकून बघत. खणखणीत वाजला तर दगड धड. बदबद वाजला, की आत चीर आहे असे समजायचे.

एकदा मिस्त्री गावी गेले होते. शेवटचा बार उडून दोन तास झाले होते. आई कोसभरावरून पाणी आणीत होती. "काका, उतरू या की," असे मीच म्हणालो. काका आधी उतरले. वरच्या कडेचा जात्याएवढा दगड आवाज न करता सुटला आणि त्यांच्या पायावर आला.

कोलारच्या सोन्याच्या खाणींविषयी वाचले तेव्हा यातले थोडे उमगले. तिथे तीन किलोमीटरच्याही खाली काम चाले. खडकाचा एक घनमीटर सुमारे पावणेतीन टन भरतो. म्हणजे त्या खोलीवर एका चौरस मीटरवर आठ हजार टनांचे ओझे. भुयार पाडले म्हणून ते ओझे कुठे जात नाही. घराचा एक खांब काढला की शेजारच्यांवर भार येतो, तसे ते बाजूच्या भिंतींवर सरकते. भिंतीला पेलवले नाही, की दगड तोफेसारखा फुटतो, कधी बार उडून बराच वेळ गेल्यावरही. वर जमिनीवरची घरेसुद्धा हादरत. २००१ साली त्या खाणी बंद झाल्या.

आपल्या विहिरीत एवढे ओझे नसते, दगड असा फुटत नाही. पण कडेला रेटून धरणारा समोरचा खडक आपणच काढलेला असतो. त्यात बाराच्या दणक्याने जुन्या चिरा उघडतात आणि सुटू पाहणारा दगड सावकाश सुटतो. आधी बारीक कपच्या टपटप पडतात. त्या दिवशीही पडत होत्या. मला वाटले, पाखरे असतील.

बासष्ट फुटांवर पाणी लागले. काका पुढे आयुष्यभर लंगडत चालले, पण मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तो दगड आम्ही यारीने वर काढला. आई त्यावरच धुणे धुवायची.