शब्दांच्या खुंट्या

परकी भाषा शिकतांना व्याकरण एकवेळ वश होतें. शब्द मात्र पाऱ्यासारखे हातांतून निसटतात. आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. म्हणूनच अमरसिंहानें आपला कोश श्लोकबद्ध केला. पोथी न उघडतां अर्थ ओठांवर यावा, अशी ती योजना. इंग्रजी शब्दांचे नशीबीं मात्र कोरडी घोकंपट्टीच आली.

आमच्या घरच्या मुलांस इंग्रजी शिकवितांना आम्ही निराळी वाट धरतों. ‘पेल’ म्हणजे फिकट. भिंतीवरची पांढुरकी पाल आठवावी. ‘बॉरो’ म्हणजे उसनें घेणें. शेजारच्या अंगणांतून मागून आणलेलीं बोरें आठवावीं. ‘लीन’ म्हणजे कलणें, टेकणें. देवापुढें लीन होऊन वांकलेला भक्त डोळ्यांपुढें आणावा. मुलें हंसतात, आणि ज्या शब्दास हंसलीं तो सहसा विसरत नाहींत.

हा केवळ पोरखेळ नव्हे. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ॲटकिन्सन व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयोगांत, अशा युक्तीनें १२० रशियन शब्द शिकणारांस अखेरच्या परीक्षेंत शेंकडा ७२ अर्थ आठवले. इतरांस शेंकडा ४६.

पंडित म्हणतील, हें नातें खोटें आहे. आहेच. इंग्रजी ‘लीन’चा खरा सोयरा संस्कृत ‘श्रि’ धातु. आपला ‘आश्रय’ त्याच कुळांतला. ‘बदनाम’ शब्दांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ ह्यांचें साम्य तर निव्वळ योगायोगाचें. खरीं नातीं उपयोगीं पडतात तेथें अवश्य घ्यावीं: द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. संस्कृतांतील ‘द’ जागीं इंग्रजींत ‘ट’ येतो, हा ग्रिमनें १८२२ सालीं मांडलेल्या नियमाचा एक भाग कळला, कीं तिन्ही शब्द एका सूत्रांत ओंवले जातात. परंतु खुंटी अंगरख्याच्याच कापडाची असली पाहिजे असें थोडेंच आहे?

खरी उणीव निराळीच आहे. बोरें खाल्लीं कीं संपलीं. उसनें मात्र परत करावें लागतें. शिवाय आपण उसनें देतोंही व घेतोंही. इंग्रज त्यासाठीं ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ असे दोन शब्द योजतो. हा भेद वाक्यें रचूनच अंगीं मुरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें पिढ्यान्‌पिढ्या हेंच करविलें. युक्ति शब्दास उंबरठ्याच्या आंत आणते. त्याला घरचा करणें हें वापराचें काम.

इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारूं नये, असा दंडक कित्येक शाळांत दिसतो. मातृभाषा ही वाटेंतली धोंड, अशी त्यामागची समजूत. आमचा अनुभव उलट आहे. ज्या मुलास मराठी ‘लीन’ ठाऊक नाहीं, त्यानें इंग्रजी ‘लीन’ कोठें अडकवावा? खुंटी कशीही चालेल. पण ती ठोकावयास भिंत आपलीच लागते, आणि ती भिंतच पाडून आपण मुलांस श्रीमंत करूं पाहत आहों.