सोलापूरच्या पाण्याला कुठलं रील?

सोलापूर,
नवरात्र, तिसरी माळ

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि झोपच उडाली. "दिवाळीला येतोय, तुला स्टेला आणू का सॉल्टिगा, पटकन सांग." पटकन कसं सांगू? एवढं महागडं मासेमारीचं रील तू माझ्यासाठी मस्कतहून आणणार आणि मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होऊ? म्हणून सवडीनं पत्रच लिहायला बसलो. उत्तर आधी सांगून टाकतो. माझ्यासाठी दोन्हींपैकी एकही आणू नकोस. पण तुझ्या अण्णांसाठी एक रील आण, आणि ते मात्र चांगल्यातलंच आण. का, ते पुढे लिहितो.

तुझ्याकडचं पाणीच वेगळं आहे. तू पाठवलेला तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन! जीटी माशानं पॉपरच्या आमिषावर झडप घातली आणि दोरी अशी काही पळाली की बोटीवरचे सगळे ओरडायला लागले. वीस-तीस किलोचा जीटी लागला की तो आधी खडकाकडे धावतो. त्याला तिथेच अडवायचं म्हणजे दहा-बारा किलोचा ड्रॅग, दोरी धरून ठेवणारा ब्रेक, लावावा लागतो. तेवढ्या ओढीत रीलचं अंग केसभर जरी वाकलं, तरी आतल्या गिअरचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि झिजायला लागतात. वर खारं पाणी. तू पैसे मोजलेस ते या दोन गोष्टींसाठी, आणि ते योग्यच मोजलेस.

तुझ्या सॉल्टिगातली दाइवाची ती मॅगसीलची युक्ती मला फार आवडते. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले, चुंबकानं ते तेल फटीत धरून ठेवलेलं, आणि त्यामुळे खाऱ्या पाण्याला आत वाट नाही. फक्त एक लक्षात ठेव, त्या जागी आपलं आपण तेल सोडायचं नसतं. एरवी तुझा हात शिवशिवतो, पण ते काम सर्व्हिसवाल्यांनाच करू दे. आणि स्टेलाचं म्हणशील, तर तिचा गिअर थंड धातूवर प्रचंड दाब देऊन घडवलेला असतो. शिमानो मुळात सायकलचे भाग बनवणारी कंपनी. जपानमधल्या साकाईला १९२१ मध्ये सुरू झाली. धातू घडवण्याचा हात तिथेच बसला आणि १९९२ मध्ये पहिली स्टेला आली. हातात घेतली की त्या कामाबद्दल आदर वाटतोच.

आता इकडचं बघ. उजनी धरणात काय लागतं? चिलापी, चिलापी आणि चिलापी. अर्ध्या किलोची, फार तर किलोची. नशीब जोरावर असेल तर रोहू, कटला किंवा मृगळ. शिवडा आता क्वचितच. गोडं पाणी, काठ मोकळा, खडकात घुसणारा मासा नाही. दहा-बारा किलोचा ड्रॅग आणि खाऱ्या पाण्याचं सील इथे काय करणार? शेंगपेंडीच्या गोळ्याला लागलेल्या चिलापीला स्टेलानं ओढलं काय आणि अडीच हजारांच्या रीलनं ओढलं काय, ती सारखीच येते.

पण म्हणून स्वस्तात स्वस्त घ्यावं, असं मी कुणालाच सांगत नाही. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या एका पोरानं सातशे रुपयांचं रील मागवलं. डब्यावर मोठ्या अक्षरात १३ बेअरिंग. स्टेलाला किती असतात ठाऊक आहे? १२ अधिक १. म्हणजे डबा वाचला तर दोन्ही भावंडंच! रविवारी पेपर अंथरून आम्ही ते उघडलं. बगलेचं झाकण काढल्यावर पांढऱ्या ग्रीसचा एकच मोठा गोळा दिसला, बाकी सगळं कोरडं. मोठा गिअर साच्यात ओतलेला, दात्यांच्या कडेला ओतकामाची शीर तशीच राहिलेली, नखाला लागत होती. बेअरिंग मोजली तर ५. उरलेल्या जागी प्लॅस्टिकचे बुश. ड्रॅगच्या वॉशरी कोरड्या फेल्टच्या. पण मला सगळ्यांत जास्त राग आला तो लाइन रोलर बघून. बेलच्या, म्हणजे दोरी आत घेणाऱ्या तारेच्या, टोकाची ती इवलीशी चाकी, जिच्यावरून दोरी वळून स्पूलवर जाते, ती जागची हलतच नव्हती. पोराला म्हटलं, बोटानं फिरवून बघ. त्यानं बघितलं, आणि त्याची दोरी रोज का गुंतते ते त्याला तिथेच कळलं.

ही चाकी एवढी महत्त्वाची का, हे आपल्या सोलापूरच्या माणसाला सांगायला फार वेळ लागत नाही. या जातीच्या रीलचा जन्मच गिरण्यांच्या गावातला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा लोकरगिरणीवाला आल्फ्रेड इलिंगवर्थ. त्यानं १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. त्याआधीच्या बहुतेक रीलमध्ये दोरी सुटायची तर अख्खं चाक फिरायला हवं. हलकं आमिष त्या चाकाला हलवू शकत नाही, आणि चाक एकदा वेगात आलं की दोरीपेक्षा पुढे पळून गुंता करतं. इलिंगवर्थनं स्पूल आडवं धरून जागेवर स्थिर केलं आणि दोरी टोकावरून सुटू दिली. आपल्याकडे वार्पिंगच्या क्रीलवर कोन उभे असतात, कोन हलत नाही, सूत टोकावरून निघून जातं, अगदी तसंच. अण्णांची सगळी उमेद गिरणीच्या वाइंडिंग खात्यात गेली. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग टोकावरून सुटल्यावर दर वेढ्याला एक पीळ पडत असंल की!" पुस्तकात चार पानं खर्च करतात ती गोष्ट अण्णांनी एका वाक्यात सांगितली. पीळ पडतोच. म्हणून गुंडाळताना तो आणखी वाढू नये, यासाठी ती चाकी फिरती हवी. म्हणूनच मासा दोरी ओढून नेत असताना, ड्रॅग कुरकुरत असताना, हँडल फिरवायचं नाही. दोरी आत येत नाही, नुसता पीळ वाढत जातो. हे मी काठावरच्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

दुसरी महत्त्वाची जागा ड्रॅगची. गोड्या पाण्यात दोन पैसे जास्त टाकायचे तर इथेच. ड्रॅग किती जोर धरतो याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही, तो सुटतो कसा हे बघायचं. चार किलोचा रोहू गळाला लागला की पहिली धाव जोरात घेतो. त्या क्षणी दोरी अलगद सुटायला हवी. हलक्या प्रतीच्या रीलचा ड्रॅग आधी अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. दोरी तुटते ती त्या अडण्यातच. दुकानात रील घेताना मी स्पूलवरची दोरी हातात धरून हळू ओढायला लावतो. झटके देत सुटली तर रील परत ठेवायचं, मग डब्यावर काही का लिहिलेलं असेना. आणि ड्रॅग अंदाजानं लावू नये. स्प्रिंगकाटा दोरीला अडकवून ओढायचा आणि दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. सहा किलोच्या दोरीला दीड ते दोन किलो, बस्स.

या दोन्ही कसोट्यांना दोन-अडीच हजारांचं रील उतरतं. शिमानोचं सिएना घे किंवा दाइवाचं त्या किमतीतलं कुठलंही. अंग ग्रॅफाइटमिश्रित प्लॅस्टिकचं, गिअर साधा, पण रोलर फिरतो आणि ड्रॅग माणसात असतो. फेल्टच्या वॉशरी काढून कार्बनच्या घातल्या की आणखी सुधारतो. माझं असंच आहे आणि मी त्याच्यावर खूश आहे. चार हजार हातात असतील तर दोन-अडीच रीलला आणि उरलेले दोरीला, असं माझं ठाम मत आहे. उजनीचा साठा मायनसमध्ये गेला की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, पाणी लांब सरकतं आणि मधे नुसता गाळ. तेव्हा लांब फेकावं लागतं. लांबी मिळते ती बारीक दोरीनं आणि स्पूल काठोकाठ भरल्यानं. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली, त्याहून कमी भरलं की दोरी कडेला घासून अडते. हे काम फुकट आहे आणि तरी काठावर निम्म्या लोकांचे स्पूल अर्धवट भरलेले असतात! वेणीची दोरी भरताना खाली थोडी नायलॉनची आधी भरायची, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी गुंडाळीच घसरते.

बाकी जपणूक. आपला उन्हाळा तुला सांगायला नको. चव्वेचाळीस डिग्रीत बंद गाडीत रील ठेवलं तर ग्रीस पातळ होऊन भलतीकडे जातं आणि नायलॉन कडक होतं. काळ्या मातीवर रील टेकवायचं नाही, तिची धूळ पिठासारखी असते, कुठंही शिरते. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं, ड्रॅग सैल करून ठेवायचा, रोलरला आणि हँडलच्या मुठीला तेलाचा एकेक थेंब. बेल हातानं मिटायची, हँडल फिरवून नाही. त्यानं स्प्रिंगही टिकते आणि दोरीचा ढिला वेढाही राहत नाही. एवढं केलं तर अडीच हजारांचं रील वर्षानुवर्षं चालतं.

आता अण्णा. फोनवर ते तुला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सांध्यात सुजलेली असतात. तरी दर रविवारी पहाटे हिप्परग्याच्या तळ्यावर येतात. तू पूर्वी घेऊन दिलेलं ते ४००० आकाराचं रील अजून चालू आहे, पण जड आहे, आणि सुरुवातीला त्याला जोर लावावा लागतो. तासाभरात मनगट धरून बसतात. मागच्या महिन्यात पुण्याहून आलेल्या एकाकडे शिमानोचं व्हॅनफोर्ड होतं, २५०० आकाराचं. मी मागून घेतलं आणि अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी करंगळीशेजारच्या बोटानं हँडल ढकललं. रोटर फिरला. पुन्हा ढकललं. मग चष्मा वर करून रीलच्या बुडाकडे बघत म्हणाले, "ह्येला काय आत मोटर हाय का रे?" त्या माणसाला परत देताना दोनदा वळून बघितलं.

त्या रीलचं अंगही प्लॅस्टिकचंच, कार्बन मिसळलेलं, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. पैसे गेलेत ते हलक्या रोटरला आणि गिअरच्या बारीक कामाला. मला त्याची गरज नाही, माझी बोटं धड आहेत. अण्णांना आहे. महाग रीलचा उपयोग आपल्या गोड्या पाण्यात मला कुठे दिसला असेल तर इथे, मोठ्या माशासाठी नाही, दुखऱ्या हातासाठी. स्टेलाही हलकी फिरते, पण धातूच्या अंगाची, वजनानं जास्त आणि किमतीनं कितीतरी पुढे. अण्णांना किंमत कळली तर ते ती कपाटात ठेवतील आणि जुनंच घेऊन तळ्यावर येतील, हे तुलाही माहीत आहे. म्हणून व्हॅनफोर्ड, २५०० किंवा सी ३०००, जे मिळेल ते. हँडल दोन्ही बाजूंना लावता येतं, तेव्हा मी ते उजवीकडे लावून देतो. काठी डाव्या हातात राहील आणि सुजलेल्या बोटांवर काठीचा भार येणार नाही.

माझ्यासाठी आणायचंच असेल तर आठ पदरी वेणीची बारीक दोरी, दीडशे मीटर, आणि माझ्या रीलला बसतील अशा कार्बन वॉशरी. रीलच्या पायावर मॉडेलचा नंबर आहे, त्याचा फोटो सकाळी पाठवतो. तुझं सॉल्टिगा तिकडेच ठेवून ये. उजनीवर जायचं ठरलं तर परवानगीचं आधी विचारून ठेवतो. हिप्परग्याला मात्र कोजागरी होईपर्यंत जायला नको, तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रस्त्यावर रीघ असते. तू येशील तोवर सगळं निवांत झालेलं असेल.

एक काम मात्र कर. अण्णांना यातलं काही बोलू नकोस, आणि रील आल्या आल्या त्यांच्या हातात देऊ नकोस. आधी माझ्याकडे दे. दोरी भरून, ड्रॅग काट्यावर लावून, किमतीची चिठ्ठी काढून मी ते तयार करतो. किंमत विचारलीच तर दोन हजार सांगायचं, दोघांनीही तेवढंच.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच