मधली पाच वर्षे

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. एम.ए.च्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना हे दोन सन सांगून आपण बहुधा पुढे सरकतो. विनोद, निवेदनशैली, स्त्री-आत्मचरित्राची परंपरा हे मुद्दे परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. गेली काही वर्षे मी मात्र मधल्या पाच वर्षांपाशी रेंगाळते. टिळकांचे धर्मांतर वाचन-मननातून झाले. लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न स्वयंपाकघरातला होता: कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे खावे. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतः केला, सोवळे सोडले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. नवऱ्याचा विश्वास त्यांना उसना चालला नाही.

हे मला मोलाचे वाटते, कारण मी जन्माने ख्रिस्ती आहे. अक्षरओळख होण्यापूर्वीच टिळकांची भजने माझ्या कानांवर पडली. विश्वास मला वारशाने मिळाला, आणि वारशाने मिळालेल्या वस्तूची पारख करण्याची वेळ सहसा संकटातच येते. चार वर्षांपूर्वी आई आजारी पडली. अकरा महिने घरात रोज संध्याकाळी प्रार्थना झाली. मंडळीतल्या बायका येत, गुडघे टेकत, जाताना डबा ठेवून जात. आई गेली. ‘देवाची इच्छा’ असे सर्वांनी सांगितले. डब्यातली भाजी मला खरी वाटली. ते वाक्य वाटले नाही. तेव्हापासून रविवारच्या उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना देहाच्या पुनरुत्थानाचे शब्द आले की माझा आवाज थांबतो. शेजारच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

अशा व्यक्तीला श्रद्धावान म्हणावे काय? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. समन्वयाचा दाखला म्हणून या विधानाचा आपण वारंवार उल्लेख करतो. पण त्या पुलावरून तुकारामांचे विठ्ठलाशी असलेले भांडणही आलेच असणार. पैलतीरावर ते अनोळखी ठरले नसते. ईयोबाच्या पुस्तकात तयार उत्तरे देणाऱ्या मित्रांवर अखेरीस देव रागावतो, आणि इतका वेळ गाऱ्हाणे मांडणारा ईयोबच त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही सांगतो: विश्वास आहे, आणि अविश्वासापुरते साहाय्यही हवे आहे. ‘आधी संशय फेडून ये’ असे येशू त्याला म्हणत नाही. मुलाला बरे करतो. इथे माझी वाट त्या बापाच्या वाटेपासून वेगळी होते. माझी आई बरी झाली नाही. हे अंतर कोणत्याही भाष्याने भरून निघेल असे मला वाटत नाही, आणि ते भरून निघाल्याचा आव विद्यार्थ्यांपुढे आणणे शिक्षकाच्या धर्मात बसत नाही.

लक्ष्मीबाईंची पाच वर्षे बाप्तिस्म्यापाशी संपली, म्हणून आज आपण त्यांना तयारीचा काळ मानतो. ती वर्षे जगताना त्यांना हे ठाऊक नव्हते. माझी चार वर्षे कशाची, हे मलाही ठाऊक नाही. देहाच्या पुनरुत्थानापाशी मी थांबते. त्यापुढचे शाश्वत जीवनाचे शब्द नुसते ऐकते. ‘आमेन’ मात्र सर्वांबरोबर म्हणते.