शाळेची भिंत

दसऱ्यानंतर आमच्या गावच्या शाळेची समुद्राकडची भिंत साऱ्या गावाने मिळून रंगवली. तिच्यावर समुद्रगरुड आला, धनेश आला. राहिले ते कासव. कासवीण वाळूतून कशी चढते, हे मुलांना ठाऊक नव्हते. कुणीतरी म्हणाले, "आजोबांना विचारा."

मी खडू घेतला. दोन्ही अंगांना वल्ही मारल्यासारखा तिचा माग काढला आणि भरतीच्या रेषेच्या वर हातभर खोल खड्डा दाखवला.

"आजोबा, तुम्हांला हे कसं ठाऊक?" एका चिमुरडीने विचारले.

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यावे? लहानपणी याच मागावरून मी अंडी हुडकीत असे. एकेका खड्ड्यात शंभराच्या वर अंडी. मागे एकही ठेवीत नसे. २००२ साली शेजारच्या वेळासला अंडी राखण्याचे काम सुरू झाले, तोवर ही चोरी आहे असे कधी मनातही आले नव्हते.

खरे ते सांगून टाकले. मुले गप्प झाली. मग ती चिमुरडी म्हणाली, "तर मग आता खड्ड्यातली अंडी तुम्हीच काढा. मोजून शंभर!"

दिवेलागणीपर्यंत पांढरे ठिपके देत बसलो. पाठ धरली. अंडी जन्मभर काढली. खड्ड्यात ठेवली ती मात्र त्या दिवशी प्रथमच.