डेटाचं बिऱ्हाड

मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या कुणालाही विचारा, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं की पोटात गोळा येतोच. मी आत्तापर्यंत पाच घरं बदलली. पण यंदा ज्या शिफ्टिंगनं माझी झोप उडवली, त्यात ना टेम्पो होता, ना खोकी. शिफ्ट व्हायचं होतं माझ्या लॅपटॉपमधल्या डेटाबेसला!

असं काय आहे त्यात? १९८२च्या गिरणी संपात होरपळलेल्या माणसांच्या मुलाखती. लालबाग-परळच्या चाळींत फिरून सहा वर्षं जमवलेल्या, गिरणीवार लावलेल्या. त्यातले काही आजोबा आता नाहीत. म्हणजे पुन्हा जाऊन विचारायची सोय नाही.

हे सगळं राहत होतं मारियाडीबी नावाच्या सर्व्हरमध्ये. त्याच्या कर्त्यानं, मायकेल विडेनियसनं, धाकट्या लेकीचं नाव त्याला दिलंय. आधीच्या मायएसक्यूएलला थोरलीचं. क्यूट ना? पण हा सर्व्हर थेट ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकलेला. सिस्टिम अपग्रेड केली की त्याचंही व्हर्जन बदलणार, लॅपटॉप बदलला की सगळा संसार नव्यानं मांडायचा.

माझी रूममेट आयटीतली. म्हणाली, "अगं, कंटेनरमध्ये टाक ना." २०१३मध्ये डॉकर आलं आणि हा फंडा सगळीकडे पोचला. सर्व्हर आणि त्याला लागणारं सामान एका बंद डब्यात.

"आणि डबा बिघडला तर?"

"फेकायचा, नवा घ्यायचा."

माझ्या मुलाखतींसकट?

खरी गोम इथंच आहे. कंटेनर कधीही फेकता यावा असाच असतो. म्हणून डेटा त्याच्या बाहेर, व्हॉल्यूममध्ये ठेवायचा आणि व्हॉल्यूमला नाव द्यायचं. नाव नसेल तर नव्या कंटेनरला जुना डेटा आपोआप मिळत नाही. घर भाड्याचं, ट्रंक आपली!

एका शनिवारी बसलो. आधी डंप काढला, म्हणजे युजरसकट सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवला. तिची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर. मग जुना सर्व्हर बंद, कारण ३३०६ हा पोर्ट दोघांनाही हवा. व्हर्जनचा नेमका आकडा देऊन कंटेनर सुरू केला. 'लेटेस्ट' लिहिलं की पुढच्या वेळी काय येईल याचा नेम नाही. डंप आत भरला.

माझं नोंदींचं ॲप मात्र दारातच अडकलं. जुन्या युजरला फक्त 'लोकलहोस्ट'वरून परवानगी होती आणि कंटेनरच्या लेखी माझा लॅपटॉप म्हणजे परका पाहुणा! नवा युजर केला, दार उघडलं. नोंदी मोजल्या. जुना आणि नवा आकडा एकच.

मी हुश्श करणार, इतक्यात बाईसाहेब म्हणाल्या, "आता कंटेनर डिलीट कर."

"वेडी आहेस का?"

"भीती वाटतेय ना? मग आजच कर, डंप हातात आहे तोवर."

केला. त्याच व्हॉल्यूमवर नवा कंटेनर उभा केला. पहिली मुलाखत उघडली. गिरणीच्या भोंग्यानं सुरू होणारी आजोबांची गोष्ट जागच्या जागी होती.

व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे, हेही तिनंच बजावलं. डिस्क गेली की व्हॉल्यूमही जातं. म्हणून दर रविवारी रात्री मी डंप काढते आणि बाहेरच्या डिस्कवर टाकते. तुमच्याही मशीनमध्ये परत न मिळणारं असं काही असेल, तर या वीकेंडला जरा बघा, ते नेमकं राहतंय कुठे?