निष्पत्तीचे माप

प्रत्येक काळात शिक्षणाचा एक परवलीचा शब्द असतो. सांप्रतचा शब्द ‘अध्ययन निष्पत्ती’ हा होय. गुरुजींनी काय शिकविले यापेक्षा विद्यार्थ्याला अखेर काय करता येऊ लागले, हे पाहावयाचे, असा त्याचा अर्थ. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दृश्यकला, नाट्य, संगीत व नृत्य यांनाही हाच न्याय लावला आहे. विचार चांगला आहे. प्रश्न मापाचा आहे.

सुरतेच्या लिंबायत भागातील एका देवळात रविवारी मुलांचा गायन-चित्रकलेचा वर्ग भरतो. वर्षअखेरीस मुलांना काय यावे, याची यादी करण्याचे काम चालकांनी आम्हांवर सोपविले. मुले बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडधंद्यात आलेल्या कुटुंबांतील. घरी अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, रस्त्यावर हिंदी, असा त्यांचा भाषासंसार. आमच्या हाती जो कच्चा मसुदा आला, त्यात दहा थाटांची नावे, पाच रागांचे आरोह-अवरोह व तालांच्या व्याख्या पाठ म्हणून दाखविणे, एवढेच होते.

असा मसुदा का होतो, हे समजण्यासारखे आहे. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली, पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, पं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांतून चिजा स्वरलिपीत बांधल्या. घराण्यांच्या दाराआड असलेली विद्या त्यांनी सामान्यांच्या ओसरीवर आणली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची शिडी त्याच ऋणाची खूण आहे. परंतु शिडीच्या पायऱ्या मोजणे निराळे आणि मूल चढू लागले की नाही, हे पाहणे निराळे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसते. अशाच एका जागराला आम्ही गेलो होतो. आजीने ओळ टाकावी आणि नऊ-दहा वर्षांच्या नातीने ती नेमक्या स्वरावर उचलावी, असे कितीतरी वेळ चालले होते. आजी दमली, तेव्हा त्या मुलीने आपला स्वर किंचित खाली घेऊन तिला सांभाळून घेतले. हीच मुलगी रविवारच्या वर्गात थाटांची नावे विचारली की मान खाली घालते. त्या मसुद्याच्या मापाने तिला काहीच येत नाही. पुढे तिलाही तेच खरे वाटू लागेल. मग आजीची गाणी आजीबरोबरच जातील. यादी करणाऱ्याच्या लेखणीत एवढे सामर्थ्य असते.

म्हणून आम्ही क्रियापदे बदलली. ‘सांगेल’, ‘लिहील’ यांच्या जागी ‘ऐकेल’, ‘धरील’, ‘जुळवील’, ‘रचील’ ही आली. मूल स्वतःच्या गळ्याला सोसणारा षड्ज शोधील. आठ मात्रांचा केरवा चालू असता टाळीने सम दाखवील व लय वाढली तरी ती सोडणार नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज त्यात मिळवील. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक गाणे शिकून येईल आणि ते वर्गाला शिकवील. चित्रकलेत ठिपक्यांच्या रांगोळीतून स्वतःची एक आकृती काढील. साडीवर एकच बुट्टी ठरावीक अंतराने कशी पुन्हा येते, हे घरी टिकल्या-लेस लावणाऱ्या आईजवळ बसून पाहील व तशी नक्षी स्वतः मांडील. कंठ फुटण्याच्या वयातील मुलांसाठी आवाजाच्या पट्टीचे माप आम्ही मुद्दाम वगळले. त्यांनी तालाची बाजू सांभाळावी.

यावर एका वृद्ध भजनी गृहस्थांनी विचारले, ‘‘मग शास्त्राचे काय?’’ प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे, की नाव हे अनुभवामागून यावे. जो स्वर मुलीने शंभरदा लावला आहे, त्याचे नाव तिला एका सकाळीत कळेल. नुसत्या नावातून मात्र स्वर लागत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि यादीत एक ओळ घालावयास सांगितली : ‘दुसरा गात असता मूल गप्प बसून ऐकेल.’ सगळ्या यादीत पुरी करावयास हीच ओळ कठीण आहे, आणि तीत मोठ्यांनाही सवलत नाही.

भक्ती, रसिकता यांची निष्पत्ती आम्ही लिहिली नाही. जे मोजता येत नाही त्याला गुण देऊ नयेत. त्याच्यासाठी वर्गात जागा मात्र ठेवावी.